अचलपूर अचल नाही: पायाखालची प्लेट, समोरचा सातपुडा आणि खिशातला फोन

आमच्या गावाचं नावच अचलपूर. अचल म्हणजे न हलणारं. पण हे नाव विज्ञानाच्या हिशोबात सपशेल चुकीचं आहे. अचलपूर, परतवाडा, अमरावती, अकोला, अख्खा भारतच दरवर्षी साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतोय. बोटाची नखं वर्षभरात जेवढी वाढतात, जवळपास तेवढाच हा वेग. तुम्ही २० वर्षांचे असाल तर जन्माला आलात त्या जागेपासून तुमचं घर आतापर्यंत सुमारे एक मीटर पुढे गेलंय, तेही पाया न हलता.

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात "भूपट्ट सरकतात" एवढं एक वाक्य वाचून आपण पुढच्या धड्याला लागलो होतो. पण चिखलदऱ्याचा घाट, वऱ्हाडातली काळी माती, वरुड-मोर्शीचा संत्रा, दर्यापूरकडचं खारं पाणी, या सगळ्याची मुळं त्याच वाक्यात आहेत. आज तेच जरा नीट बघू.

मुळात प्लेट म्हणजे काय?

पृथ्वीचं वरचं कडक आवरण एकसंध नाही. अंड्याचं कवच तडकावं तसे त्याचे तुकडे झालेत. सात-आठ मोठे आणि बरेच छोटे. त्यांनाच भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. एका प्लेटची जाडी साधारण १०० किलोमीटर धरा. आपली ती भारतीय प्लेट.

इथे एक गैरसमज आधी काढून टाकू, कारण यूट्यूबवरचे निम्मे ॲनिमेशन तो पसरवतात. प्लेट लाव्हाच्या समुद्रावर होडीसारख्या तरंगत नाहीत. खालचा थर, म्हणजे प्रावरण, हा घन खडकच आहे. फक्त तो इतका गरम आणि इतक्या दाबाखाली आहे की लाखो वर्षांच्या हिशोबात हळूहळू वाहतो. रस्त्यावरचं डांबर आठवा. हातोडा मारला तर तुकडा उडतो, पण मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात त्यावर स्टँड लावून गाडी उभी ठेवली की स्टँड आत रुततं. घनही आहे आणि वाहतंही. प्रावरण तसंच, फक्त कितीतरी पट हळू.

या प्लेटांना ढकलतं कोण? सगळ्यात मोठं कारण म्हणजे समुद्राखालची जुनी, थंड, जड झालेली प्लेट स्वतःच्या वजनाने प्रावरणात बुडते आणि बाकीच्या प्लेटला मागे ओढत नेते. टेबलावरून चादर एका बाजूने घसरायला लागली की उरलेली आपोआप ओढली जाते ना, तसं. दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या मध्यात, प्लेटा एकमेकींपासून दूर जातात आणि त्या फटीत नवा खडक तयार होतो.

ही नवी जमीन तयार होते हे कळलं कसं, ती गोष्ट भारी आहे. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, पण ते कशामुळे सरकतात हे त्याला पटेल असं सांगता आलं नाही, आणि बऱ्याच भूशास्त्रज्ञांनी त्याला उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलँडच्या मोहिमेत तो गेला. त्याचं म्हणणं मान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधूनमधून उलटं होतं, म्हणजे उत्तरेचं दक्षिण होतं. समुद्रतळाशी नवा खडक थंड होताना त्या वेळची चुंबकीय दिशा त्यात कायमची नोंदली जाते. त्यामुळे मध्य-सागरी पर्वतरांगेच्या दोन्ही बाजूंना सरळ-उलटे-सरळ असे सारखे पट्टे सापडतात. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला ती सरळ सरळ कमिट हिस्टरी वाटते. प्रत्येक बदल तारखेसकट नोंदलेला आणि मागे जाऊन खोडता न येणारा. १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी हा अर्थ लावला तेव्हा त्यांच्याकडची महत्त्वाची मोजमापं कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची होती. ही रांग कुठे आहे? आपल्याच शेजारी, अरबी समुद्राच्या दक्षिणेला, पाण्याखाली.

गोंडवनातून निघालेला प्रवास

एकेकाळी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकत्र होते. त्या महाखंडाचं जगभरातल्या पुस्तकांत नाव आहे गोंडवाना. हे नाव आपल्या शेजारच्या गोंडांच्या मुलखावरून पडलंय. मध्य भारतातल्या खडकांचा अभ्यास करताना इंग्रज भूशास्त्रज्ञांनी ते वापरलं आणि पुढे अख्ख्या महाखंडाला चिकटलं. ब्राझीलच्या पोराला परीक्षेत गोंडवाना लिहावं लागतं, आणि आपल्यातल्या कित्येकांना तो शब्द कुठून आला हेच माहीत नसतं.

हा महाखंड फुटला. मादागास्कर भारतापासून सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी सुटलं, नंतर सेशेल्स सुटलं आणि भारत एकटाच उत्तरेकडे निघाला. आणि निघाला तो असा की प्लेटांच्या दुनियेत त्याला एक्सप्रेसच म्हणावं. काही काळ त्याचा वेग वर्षाला १५ सेंटीमीटरच्याही वर होता.

वाटेत तो एका गरम ठिकाणावरून गेला. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, तिथला पितों दे ला फूर्नेज हा ज्वालामुखी आजही पेटतो. प्रावरणातून वर येणारा तो उष्णतेचा स्रोत करोडो वर्षांपूर्वी आपल्याखाली होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, थरावर थर, लाखो वर्षं. आज त्यातला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग शिल्लक आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी २ किलोमीटरच्याही वर जाते. यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे हं, तो स्वीडिश भाषेतल्या पायरीसाठीच्या शब्दावरून आलाय. चिखलदऱ्याला भीमकुंडाच्या कड्याकडे समोरून बघा, डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसेल. प्रत्येक पायरी साधारण एकेका लाव्हाच्या थराची.

आता एक घरगुती हिशोब करू. रियुनियन विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २१ अंशांवर आहे. अचलपूर उत्तरेला साधारण २१ अंशांवर. म्हणजे फरक ४२ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणून झाले सुमारे ४,६०० किलोमीटर. ६.६ कोटी वर्षांनी भागा, सरासरी येते वर्षाला ७ सेंटीमीटर. हा ढोबळ हिशोब आहे. अचलपूर अगदी त्या ठिपक्यावर नव्हतं आणि तो स्रोतही करोडो वर्षं खिळा ठोकल्यासारखा स्थिर नसतो. पण आधी वेगात आणि नंतर हळू, हे धरलं तर आकडा बरोबर बसतो. नकाशा उघडून भारतापासून दक्षिणेकडे बोट फिरवा: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन. आपण कुठून आलो त्याच्या पाऊलखुणाच आहेत त्या.

साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला जाऊन धडकला. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चुरगळून वर उचलला गेला आणि हिमालय झाला. म्हणून एव्हरेस्टच्या माथ्याजवळ समुद्री जीवांचे अवशेष असलेला चुनखडक सापडतो. ही टक्कर अजून संपलेली नाही. दरवर्षी सुमारे २ सेंटीमीटर दाब एकट्या हिमालयात जिरतो आणि मधूनमधून झटक्यात सुटतो, जसा तो २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये सुटला. त्या भूकंपाची तीव्रता ७.८ होती.

या लाव्हाचाच खडक म्हणजे आपला काळा दगड, बेसाल्ट. तो झिजून आपली काळी माती झाली आणि त्या मातीत कापूस. वऱ्हाड "सोन्याची कुऱ्हाड" म्हणतात त्यामागे तो जुना लाव्हा आहे. (लोणारचं सरोवर मात्र यात धरू नका. तो ज्वालामुखी नाही, उल्का पडून झालेला खड्डा आहे.)

समोर दिसतो तो सातपुडा

आता आपल्या दारात येऊ. अचलपूरच्या कोणत्याही गच्चीवर चढून उत्तरेकडे बघितलं की गाविलगडची रांग भिंतीसारखी उभी दिसते. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. सरळ रेषेत मोजलं तर अंतर फार नाही, पण उंचीत सातशे मीटरचा फरक.

हा फरक तुमच्या फोनवर मोजता येतो. ज्या फोनमध्ये बॅरोमीटर सेन्सर असतो त्यात हवेचा दाब दाखवणारं कुठलंही फुकट ॲप टाका. परतवाड्याला मला ९७० हेक्टोपास्कलच्या आसपास आकडा दिसला होता आणि धामणगाव गढीच्या बाजूने घाट चढून वर पोचलो तोवर तो ८९० च्या जवळ आला होता. कान बंद होतात ना घाटात, ते याच ८० हेक्टोपास्कलमुळे. बरोबरचे मित्र व्ह्यू पॉइंटवर रील बनवत होते, मी आकडे लिहीत होतो. प्रत्येकाची आवड.

पण ही भिंत आली कुठून? वरचा खडक बेसाल्ट, खाली मैदानात खोल गेलात तरी बेसाल्टच. लाव्हा वाहिला तेव्हा तो साधारण आडवा पसरला असणार. मग एक बाजू आभाळात आणि दुसरी जमिनीत, हे कसं? उत्तर आहे प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली अशी मोठी चीर की जिच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या आहेत. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने अशी एक मोठी चीर जाते. भूशास्त्रात तिचं नावच गाविलगड फॉल्ट. तिच्या उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खाली बसली. शाळेत "सातपुडा हा गटपर्वत आहे" असं पाठ केलं होतं, ते हेच.

फोनवर नकाशा उघडा, टेरेन किंवा सॅटेलाइट लेयर लावा आणि अकोटजवळच्या नरनाळ्यापासून चिखलदरा, मग मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीकडे नजर न्या. डोंगराची कड बरीचशी सरळ दिसेल. नदीने कोरलेल्या डोंगराची कड सहसा इतकी सरळ नसते, ती वेडीवाकडी असते. सरळ रेष दिसली की भूशास्त्रज्ञाला प्रस्तरभंगाचा संशय येतो. अर्थात पावसाने आणि ओढ्यांनी मूळची कड मागे खात नेली आहे, त्यामुळे चीर आणि आजचा कडा तंतोतंत एकाच जागी असेल असं नाही.

गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले याच काठावर बांधले, हा योगायोग नाही. तीन बाजूंनी निसर्गाने कापून दिलेले कडे आणि खाली अख्खं वऱ्हाडचं मैदान नजरेत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांना गाविलगड घ्यायचा होता तेव्हा त्यांना दक्षिणेचा कडा टाळून तोफा डोंगरातून फिरवून उत्तरेच्या बाजूला न्याव्या लागल्या.

सालबर्डीला एकदा जाऊन याच. महादेवाच्या यात्रेला आपण जातो, पण तिथे या चिरांमुळे लाव्हाच्या खालचे, त्याहून जुने खडक उघडे पडलेत. त्यातल्या लॅमेटा नावाच्या थरात डायनासोरच्या अंड्यांची घरटी सापडली आहेत आणि अमरावती विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर लिहिलंय. म्हणजे लाव्हा येण्याआधी या भागात डायनासोर अंडी घालत होते. प्रस्तरभंग नसता तर ते सगळं लाव्हाखाली दबलेलंच राहिलं असतं. सालबर्डीला गरम पाण्याचा झरा आहे, आणि पश्चिमेला जळगाव जिल्ह्यातल्या अडावदजवळ उनपदेवलाही. पाणी चिरांतून खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं.

एकीकडे संत्रा, एकीकडे खारपाण

आता मुद्द्याचं. ही चीर नुसती बघायची गोष्ट नाही. तुमच्या घरच्या बोअरचं पाणी गोड की खारं, याचा तिच्याशी संबंध आहे.

दक्षिणेची बाजू खाली बसली तसा तिथे एक लांबोळा खोलगट भाग तयार झाला. त्यातून पूर्णा वाहते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जातात, पण पूर्णा आणि तापी पश्चिमेला जातात, कारण त्यांना ही तयार खोलगट वाट मिळाली. सातपुड्यावरून येणाऱ्या सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांनी लाखो वर्षं दगड-गोटे, वाळू, माती आणून या खोलगटात ओतली. जमीन बसत गेली, गाळ भरत गेला. आज पूर्णेच्या खोऱ्यात हा गाळ काही ठिकाणी शंभर मीटरहून कितीतरी जास्त जाड आहे. काळा दगड लागायची वाट बघत बोअर मारत बसलात तर पैसे संपतील.

नदी डोंगरातून सपाटीवर आली की तिचा जोर ओसरतो. आधी मोठे गोटे पडतात, मग रेती आणि सगळ्यात दूर बारीक चिकणमाती. म्हणून पायथ्याशी, म्हणजे अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड या बाजूला जाडीभरडी रेती-गोट्याची जमीन. पावसाचं पाणी सरळ आत उतरतं, साठतं आणि गोड राहतं. संत्र्याच्या बागा इथे आल्या त्यामागे हे मोठं कारण. आणि हेच पाणी आपण बोअर मारमारून इतकं उपसलं की वरुड-मोर्शीत पाण्याची पातळी खोल खोल गेली.

तिथून पूर्णेकडे, दर्यापूरच्या, अकोल्याच्या बाजूला उतरा. तिथे बारीक चिकणमाती, पाण्याचा निचरा नाही, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. तो खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून शेकडो गावं त्यात येतात. "इथे पूर्वी समुद्र होता म्हणून पाणी खारं" असं गावात सगळे सांगतात, मीही लहानपणी तेच ऐकलं. पण त्यासाठी अलीकडचा समुद्र लागत नाही. खोलगट भाग, बारीक माती, कोरडी हवा आणि न निघणारं पाणी यांनी हे काम होतं.

ज्यांनी खारपाणातलं पाणी प्यायलंय त्यांना मी काय सांगू. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि किडनीच्या आजारांच्या तक्रारी या पट्ट्यातून वर्षानुवर्षं येतात. पायथ्याच्या शहानूर धरणातून पाइपने पाणी खाली नेऊन कित्येक गावांना पाजावं लागतं, म्हणजे प्रस्तरभंगाच्या वरच्या बाजूचं पाणी खालच्या बाजूला. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार केला. तिची मूळ कल्पना हीच: तापीचं पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या या रेती-गोट्याच्या पट्ट्यात सोडायचं, म्हणजे ते जमिनीत मुरेल. योजना होईल तेव्हा होईल. माझं मत विचाराल तर गावातल्या नाल्यावरचा गाळ काढायला तिची वाट बघू नये.

मग जीपीएसवर हे सरकणं दिसत का नाही?

दोन कारणं. पहिलं, सगळंच एकत्र सरकतंय. अचलपूर, नागपूर, पुणे एकाच प्लेटवर आहेत, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर जवळपास बदलत नाही. रेल्वेच्या डब्यात समोरचा माणूस हललेला दिसत नाही, तसं. दुसरं, फोनच्या जीपीएसची चूक उघड्या आकाशाखालीसुद्धा ३ ते ५ मीटर असते. दिवसाला ०.१४ मिलिमीटरची हालचाल त्याला काय कळणार!

पण खडकात पक्क्या बसवलेल्या महागड्या रिसीव्हरला कळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि हैदराबादच्या एनजीआरआयमध्ये असे रिसीव्हर वर्षानुवर्षं चालू आहेत आणि त्यांच्या नोंदींत ईशान्येकडे वर्षाला पाच-साडेपाच सेंटीमीटर स्पष्ट दिसतात. जीपीएसचे अक्षांश-रेखांश भारताला नाही, पृथ्वीच्या केंद्राला बांधलेले असतात. त्यामुळे तुमच्या अंगणातल्या विहिरीचे खरे अक्षांश-रेखांश दरवर्षी थोडे बदलतात.

ऑस्ट्रेलियात हा प्रकार अंगाशी यायला लागला होता. ती प्लेट वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर सरकते आणि त्यांचे अधिकृत नकाशे १९९४ च्या स्थितीवर गोठवलेले होते. २०२० च्या स्थितीवर नवा संदर्भ आणला तेव्हा अख्ख्या देशाचे कोऑर्डिनेट सुमारे १.८ मीटर सरकवावे लागले. आता आपल्याकडेही जमिनीची मोजणी सॅटेलाइटवर चालणाऱ्या रोव्हरने होते, जो सेंटीमीटरमध्ये अचूक असतो. अशा कामात कोऑर्डिनेट कोणत्या संदर्भाचे आणि कोणत्या तारखेचे, हे नोंदवावंच लागतं. नाहीतर वीस वर्षांपूर्वीचे आकडे आणि आजचे आकडे एकमेकांवर ठेवले की शेताचा धुरा मीटरभर सरकलेला दिसेल आणि दोन भाऊ कोर्टात.

भूकंप आपल्याकडे होऊ शकतो का?

होऊ शकतो. प्लेटची किनार हजार किलोमीटर दूर असली तरी तिकडच्या टकरीचा दाब आतपर्यंत पोचतो आणि जुन्या चिरांवर सुटतो. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे पावणेचार वाजून गेले होते, किल्लारीला ६.२ च्या आसपासचा भूकंप झाला. सुमारे १० हजार माणसं गेली. तीव्रता मध्यम, पण केंद्र उथळ, वेळ झोपेची, आणि घरं मातीत रचलेल्या दगडांची, वर मातीच्या माळवदाचा भार. तोपर्यंत तो भाग सुरक्षित समजला जात होता. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला झाला त्यात धरणाच्या पाण्याचाही हात मानला जातो.

आपल्या बाजूचं सांगायचं तर सातपुडा-नर्मदा पट्टा शांत नाही. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी भागात जमिनीतून आवाज आणि लहान लहान धक्के सुरू झाले, लोकांनी घराबाहेर रात्री काढल्या. यावरून उद्या मोठा होईल असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. भूकंपाची तारीख आज जगात कोणीही सांगू शकत नाही. व्हॉट्सॲपवर "नासाने सांगितलंय" असा मेसेज आला की डिलीट करा.

फोन काय करू शकतो? भूकंपात दोन मुख्य लाटा निघतात. पहिली, पी लाट, सेकंदाला साधारण ६ किलोमीटरने धावते आणि फारसं नुकसान करत नाही. दुसरी, एस लाट, साधारण ३.५ किलोमीटरने येते आणि तीच घरं पाडते. केंद्रापासून १०० किलोमीटरवर असाल तर पहिली १७ व्या सेकंदाला येईल, दुसरी २८-२९ व्या. हा मधला वेळ म्हणजे संधी. चार्जिंगला शांत पडलेला अँड्रॉइड फोन स्क्रीन फिरवणाऱ्या त्याच ॲक्सेलेरोमीटरने पहिली लाट ओळखतो आणि ढोबळ ठिकाणासह सर्व्हरला कळवतो. एकाच भागातले बरेच फोन एकदम असं सांगायला लागले की सर्व्हर पुढच्या गावांना इशारा पाठवतो. इंटरनेटचा सिग्नल लाटेपेक्षा कितीतरी वेगवान. गूगलने ही सोय भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केली.

मर्यादाही ऐका. केंद्राच्या अगदी जवळ, २० किलोमीटरवर, दोन लाटांत जेमतेम अडीच सेकंद असतात. ओळखायला, पाठवायलाच ते जातात. किल्लारीच्या लोकांना याने वाचवलं नसतं. आणि फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात पहिल्या ७.८ च्या भूकंपात या यंत्रणेने तीव्रता खूप कमी धरली. सर्वात गंभीर दर्जाचा इशारा फक्त ४६९ जणांना गेला, तो जायला हवा होता सुमारे एक कोटी लोकांना. गूगलने हे नंतर मान्य केलं आणि अल्गोरिदम बदलला. म्हणून भरवसा फोनवर कमी आणि भिंतीवर जास्त ठेवा. अचलपुरातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी मातीतल्या दगडी भिंतींना पडलेल्या उभ्या भेगा आणि कोपऱ्यातले सुटलेले जोड एकदा गवंड्याला नाही, इंजिनिअरला दाखवा. पलंगाच्या डोक्याशी माळ्यावर जड पेट्या असतील तर आजच खाली घ्या.

तरी इशारा चालू ठेवायला पैसे लागत नाहीत. सेटिंग्ज उघडा, सुरक्षितता आणि आणीबाणी, त्यात भूकंप अलर्ट. काही कंपन्यांच्या फोनमध्ये तो लोकेशनच्या आत असतो, सापडला नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये "भूकंप" टाका. लोकेशन आणि इंटरनेट चालू हवं. धक्का जाणवल्यावर खरंच भूकंप होता की शेजारी बोअरची गाडी, हे बघायला राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं "भूकंप" नावाचं ॲप आहे, त्यात वेळ, तीव्रता आणि खोली थोड्याच वेळात येते. आणि हलायला लागलं की आधी टेबलाखाली, डोकं झाकून, थांबेपर्यंत तिथेच. व्हिडिओ नंतर.